सात रात्रींच्या क्रूझवर चाललोय, वजन न वाढता कसं जमवायचं?

निळी_छत्री:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. पुढच्या महिन्यात आम्ही घरचे नऊजण क्रूझला चाललोय, सासूसासऱ्यांच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून. सात रात्री, त्यात चार दिवस बंदरं आणि तीन दिवस नुसता समुद्र. सगळे खूश आहेत, मीही आहे, पण पोटात गोळा येतोय आणि तो कशाचा हे घरात कोणाला सांगता येत नाही म्हणून इथे सांगते.

मी ४१ वर्षांची. गेल्या १४ महिन्यांत ११ किलो उतरवलेत, रोज चालून आणि ताटातलं मोजून. चार वर्षांपूर्वीही असेच उतरवले होते, मग दहा दिवसांची सुट्टी झाली, तिथे ३ किलो वाढले, आल्यावर काट्यावर उभं राहायची भीती वाटायला लागली म्हणून उभीच राहिले नाही आणि सहा महिन्यांनी बघितलं तर ८ किलो परत अंगावर. ते परत होऊ द्यायचं नाहीये मला.

पण सगळे हसतखेळत जेवतायत आणि मी कोपऱ्यात काकडी चघळत बसलेय असंही नकोय. सासूबाईंनी किती हौसेने ठरवलंय हे सगळं. जे जाऊन आलेत त्यांनी सांगा, बुफेला जावं की डायनिंग रूमला, जिमचा उपयोग होतो का, आणि वजन रोज बघावं का? नवऱ्याने सगळ्यांसाठी ड्रिंक्सचं पॅकेजही घेऊन ठेवलंय, त्याचं काय करू तेही सांगा.

डेक_बारा:
ताई, पाच वेळा जाऊन आलोय. पहिल्या वेळी साडेतीन किलो वाढले होते, नंतरच्या चारही वेळा अर्ध्या किलोच्या आत राहिलो, तेव्हा काय बदललं ते सांगतो.

सगळ्यात आधी पहिला दिवस. जहाजावर चढता तेव्हा केबिन बहुतेक वेळा तयार नसते, हातात बॅगा, सकाळपासूनची धावपळ, भूक लागलेली, त्यामुळे सगळा लोंढा सरळ बुफेकडे जातो. तिथे जे पहिलं जेवण होतं ना त्याने पुढच्या आठवड्याची सवय ठरते, माझा तरी अनुभव असा. बऱ्याच जहाजांवर त्या दुपारी डायनिंग रूमही उघडी असते, कोणाला माहीत नसतं म्हणून रिकामी असते. चढल्या चढल्या विचारून घ्या आणि सगळ्यांना तिकडे घेऊन जा. टेबलावर बसायचं, मेनू बघायचा, मागवायचं, वाट बघायची. या वाट बघण्यातच अर्धी लढाई आहे.

बुफेला जायचं झालं तर आधी प्लेट न घेता एक फेरी मारा, शेवटपर्यंत. मग ठरवा आज मला यातलं खरंच काय खायचंय. नाहीतर होतं काय, आपण पहिल्या टोकापासून भरत जातो आणि शेवटी हवं ते दिसतं तोवर प्लेट भरलेली असते, मग तेही वर रचतो. बसायला लांबचं टेबल घ्या, खिडकीशी, खाण्याकडे पाठ करून.

खरा धोका बंदराच्या दिवशी नसतो, त्या दिवशी बाहेर उन्हात तीन-चार तास चालणं होतं. धोका नुसत्या समुद्राच्या दिवशी. करायला काही नाही म्हणून दहा वाजता काहीतरी, बाराला जेवण, तीनला पूलजवळ पिझ्झा, चारला चहा आणि केक, सहाला बारमध्ये खारे दाणे, आठला जेवण, अकराला परत बुफे. यात भूक एकदाही लागलेली नसते. त्या तीन दिवसांसाठी खाण्याशिवायच्या गोष्टी आधीच शोधून ठेवा. रोज रात्री केबिनमध्ये किंवा ॲपवर दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम येतो, त्यात नाच शिकवणारा वर्ग, क्विझ, चित्रकला, व्याख्यान असं काही ना काही असतंच, दुपारी तीन ते पाचमधलं निवडा.

आणि लिफ्ट सोडा. केबिन सातव्या मजल्यावर, बुफे चौदाव्यावर, थिएटर चौथ्यावर, दिवसात २५-३० मजले सहज होतात. लिफ्टला गर्दीही इतकी असते की जिन्याने लवकर पोचता.

आहार_वही:
मी आहारतज्ज्ञ आहे, थोडे आकडे देते म्हणजे भीती योग्य जागी ठेवता येईल.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. म्हणजे सात दिवसांत खरोखर एक किलो चरबी चढायला रोज तुमच्या गरजेपेक्षा ११०० कॅलरी जास्त जायला हव्यात, रोज, सातही दिवस. क्रूझवर हे होऊ शकतं, सहज होऊ शकतं, पण आल्यावर काटा ३ किलो जास्त दाखवतो ती सगळी चरबी नसते. हॉटेलच्या जेवणात मीठ जास्त, मिठाबरोबर शरीर पाणी धरून ठेवतं. पाव, पास्ता, गोड जास्त झालं की स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, भरतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी साठतं. नेहमीच्या जेवणावर आलात की आठवड्याभरात हे पाणी निघून जातं. चार वर्षांपूर्वीच्या तुमच्या तीन किलोंतही निम्म्याहून जास्त पाणीच असण्याची शक्यता खूप आहे, आणि त्याला घाबरून तुम्ही काटाच बंद केलात, हे वाचून वाईट वाटलं.

अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १२२ प्रौढांचं सुट्टीच्या आधी आणि नंतर वजन केलं होतं, २०१६ साली तो अभ्यास छापून आला. एक ते तीन आठवड्यांच्या सुट्टीत सरासरी वाढ साधारण ०.३ किलो. ऐकायला काहीच नाही. पण सहा आठवड्यांनी परत वजन केलं तेव्हाही ती वाढ गेलेली नव्हती. आणि सुट्टीत लोक कमी हलत होते असंही नाही, उलट थोडे जास्तच चालत होते, वाढलं होतं ते खाणं आणि पिणं, दारू तर जवळपास दुप्पट झाली होती. म्हणून जिमचं विचारलंत त्यावर माझं उत्तर असं की जा, बरं वाटेल, झोप चांगली लागेल, पण जिममध्ये घाम गाळून खाल्लेलं फेडता येईल या हिशोबाने जाऊ नका. ७० किलोचा माणूस तासभर बऱ्यापैकी वेगाने चालला तर अडीचशेच्या आसपास कॅलरी जातात. चीजकेकच्या एका मोठ्या तुकड्यात त्याहून जास्त असतात.

खाण्यात दोनच गोष्टी पक्क्या धरा. प्रत्येक जेवणात प्रथिनं आधी, म्हणजे अंडी, मासे, चिकन, दही, कडधान्यं जे चालतं ते. आणि दुपारी रात्री सुरुवात पातळ सूपने. क्रीमवालं नको. पेनसिल्वेनिया स्टेट विद्यापीठात हे तपासलंय, जेवणाआधी कमी कॅलरीचं सूप घेतलं तर सूप धरूनसुद्धा एकूण जेवण २० टक्क्यांनी कमी झालं होतं.

आणखी एक, बुफेवर पोट भरल्यावरही गोडाला जागा कशी होते हे सगळ्यांनाच माहितीय. जीभ एका चवीला कंटाळते, नवी चव आली की भूक परत जागी होते. चाळीस पदार्थ समोर असतील तर ती कंटाळतच नाही. म्हणून एका वेळी तीन पदार्थ घ्या, प्रमाण थोडं जास्त झालं तरी चालेल, पण पदार्थ तीनच. उद्या दुसरे तीन.

निळी_छत्री:
दोघांचे मनापासून आभार. ते पाण्याचं मला खरंच माहीत नव्हतं, दोनदा वाचलं. चार वर्षांपूर्वी हे कोणी सांगितलं असतं तर, जाऊ दे.

पॅकेजचं सांगा ना कोणीतरी. मी फार पीत नाही, कधीतरी वाईन. पण पैसे भरलेत म्हणून आमच्याकडे सगळे वसूल करायच्या मागे लागणार आणि माझ्याही हातात ग्लास येत राहणार.

डेक_बारा:
पॅकेजमध्ये नुसती दारू नसते. तुमच्यात काय काय येतं ते बघून घ्या, बहुतेकांत मशीनची चांगली कॉफी, बाटलीबंद पाणी, सोडा, ताजे ज्यूस हे सगळं धरलेलं असतं. माझी बायको दारू घेत नाही, ती दिवसाला दोन कपुचिनो आणि लिंबू पिळलेला सोडा घेते, उंच ग्लासात बर्फ घालून मागवते. हातात ग्लास असला की कोणी दुसरा आणून देत नाही.

आहार_वही:
कॉफीचं चांगलं सुचवलंत, फक्त सिरप आणि वरचं क्रीम नको. मॉकटेलला मात्र लोक फसतात, दारू नाही म्हणून हलकं वाटतं पण साखर भरपूर असते.

वाईनचा १५० मिलीचा ग्लास साधारण १२० ते १२५ कॅलरी. व्हिस्की, व्होडका, रम ३० मिली म्हणजे ६५-७०, सोड्याबरोबर घेतली तर तेवढीच. पण नारळाचं क्रीम आणि अननस घातलेलं ते पिना कोलाडा मोठ्या ग्लासात साडेचारशेपर्यंत जातं. दिवसाला दोन धरले तर सात दिवसांत ६३०० कॅलरी, म्हणजे पाऊण किलोच्या वर चरबी नुसत्या त्या ग्लासांतून, आणि त्याने पोटही भरत नाही. तुम्ही वाईनच घेता ना, मग जेवताना एक ग्लास घ्या, सावकाश घ्या, आणि बाकी दिवसभर पाणी.

गॅलीतला_माणूस:
मी सहा वर्षं जहाजाच्या किचनमध्ये काम केलंय, आम्ही त्याला गॅली म्हणतो. आतली बाजू सांगतो.

डायनिंग रूममध्ये जा असं वर लिहिलंय ते बरोबर आहे, कारण तिथे प्लेट आम्ही भरतो आणि ती मापात असते. बुफेची प्लेट तुम्ही भरता. पण डायनिंग रूममध्ये काय मागता येतं हे लोकांना माहीतच नसतं. मेन कोर्सऐवजी दोन स्टार्टर मागता येतात. अर्धं प्रमाण मागता येतं. सॉस वेगळा वाटीत द्या म्हणता येतं. भाज्या बटर न लावता वाफवून द्या हे आवर्जून सांगा, कारण नाहीतर चकाकी यावी म्हणून शेवटी बटर फिरवलंच जातं, आणि माशांवर, मांसावरही तेच. मेनूच्या एका बाजूला रोज मिळणारे साधे पदार्थ लिहिलेले असतात, ग्रिल केलेला मासा, साधं चिकन, सॅलड, ते बघत जा. खाण्याचं काही पथ्य असेल तर पहिल्याच रात्री हेडवेटरला सांगा, तो बऱ्याचदा दुसऱ्या दिवसाचा मेनू आदल्या रात्री दाखवतो आणि तुम्ही काय बदल हवेत ते सांगून ठेवू शकता, आम्हाला आतही ते सोपं जातं.

वेटरबद्दल एक सांगतो, मनापासून सांगतो. तो तुम्हाला खूश ठेवायला धडपडत असतो. तुम्ही दोन गोडांत घुटमळलात की तो दोन्ही घेऊन येतो, ब्रेडची टोपली रिकामी झाली की लगेच भरतो. त्याला वाईट वाटेल म्हणून खाऊ नका. पहिल्या रात्रीच हसून सांगा की मला गोडाऐवजी फळं आणत जा, टोपली त्या टोकाला ठेव. त्याला ते सातही दिवस लक्षात राहतं आणि त्याला आनंदच होतो की तुमची आवड त्याला कळलीय. मी गॅलीच्या दारातून हे रोज बघितलंय.

आणि टाकायला लागू नये म्हणून पोटात ढकलणारे पाहुणे खूप बघितले. अन्न टाकवत नाही हे चांगलंच आहे, पण मग कमी वाढून घ्या, परत घ्यायला कोणी अडवत नाही. दुसऱ्यांदा उठून गेलात तर जेवढं हवं तेवढंच घेतलं जातं.

सॅलड बारवर ड्रेसिंगचा डाव छोटा दिसतो पण रँच नावाच्या दाट पांढऱ्या ड्रेसिंगचे दोन डाव म्हणजे कॅलरीत प्लेटमधल्या सगळ्या पाल्यापेक्षा भारी. व्हिनेगर आणि थोडं ऑलिव्ह ऑइल मागा, असतं.

मोकळा_वारा:
मी जरा वेगळं लिहितेय, राग मानू नका. एक आठवडा आहे हो. सासूसासरे ४० वर्षांनी पहिल्यांदा असं जातायत. माझ्या बहिणीने अशाच एका ट्रिपला सगळे दिवस फोनवर कॅलरी भरल्या, दुपारी उपाशी राहायची, रात्री सगळे झोपल्यावर केबिनमध्ये बसून बिस्किटांचे पुडे संपवायची, आणि सकाळी रडायची. फोटोंत ती कुठेच नाही. आज ती बरी आहे, मदत घेतली तिने, पण ती ट्रिप कायमची गेली. म्हणून कळकळीने सांगते की रोज वजन करू नका, आणि काल जास्त झालं म्हणून आज उपास असं तर अजिबात करू नका. खा, आईंबरोबर खा, आल्यावर बघता येईल.

निळी_छत्री:
मोकळा_वारा, राग कसला, तुमच्या बहिणीचं वाचून गलबललं. उपाशी राहायचा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता हे कबूल करते, सकाळचा नाश्ता सोडायचा असं ठरवत होते. तो विचार सोडला. पण आल्यावर बघता येईल हे माझ्यासाठी चालत नाही, कारण आल्यावर मी बघत नाही. माझं बिघडतं ते तिथेच. म्हणून थोडी आखणी मला हवीच, म्हणजे जेवताना डोक्यात ते चालू राहणार नाही.

आहार_वही:
दोघींचंही बरोबर आहे. नाश्ता सोडू नका, दुपारी बुफेसमोर भुकेने उभं राहणं हे सगळ्यात महाग पडतं. वजन तिथे करूच नका, आणखी एका कारणाने, जहाज हलत असतं त्यामुळे जिममधला काटा कधी वर कधी खाली दाखवतो, त्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. निघायच्या दिवशी सकाळी घरी एकदा करून लिहून ठेवा. आल्यावर दुसऱ्या दिवशी एकदा, तो आकडा फक्त लिहायचा, त्यावर काही ठरवायचं नाही. मग आठव्या-नवव्या दिवशी परत, तो खरा. ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाका आणि नवऱ्याला सांगून ठेवा की त्या दिवशी माझ्याबरोबर उभा राहा.

साखर_सांभाळून:
मी ६३ वर्षांचा, १८ वर्षं डायबेटिस, इन्सुलिनवर आहे, दोन क्रूझ केल्या. तुमच्यात सासूसासरे आहेत म्हणून लिहितो, त्यांना शुगर असेल तर कमी खायची आखणी त्यांच्यावर लादू नका. इन्सुलिन घेऊन जेवण पुढे ढकललं की शुगर खाली जाते. रात्रीचं जेवण तिथे दीड-दोन तास चालतं, मुख्य पदार्थ यायला वेळ लागतो, म्हणून मी वेटरला आधीच सांगायचो की बसल्या बसल्या काहीतरी आण. जहाजाचं घड्याळही मध्येच एक तास पुढे-मागे करतात, औषधांच्या वेळा डॉक्टरांना विचारून लिहून न्या. जेवल्यावर मात्र मी रोज डेकवर वीस मिनिटं चालायचो, शुगरला त्याने खूप फरक पडायचा. बाहेरच्या डेकवर किती फेऱ्यांचा एक मैल ते पाटीवर लिहिलेलं असतं, मोजायला बरं पडतं. बंदराला उतरताना नवे बूट घालू नका.

निळी_छत्री:
काका, सासऱ्यांना शुगर आहे, गोळ्या आहेत. हे नसतं लिहिलंत तर माझ्या डोक्यातच आलं नसतं. उद्याच त्यांच्या डॉक्टरांना फोन करते.

निळी_छत्री:
परत आले मंडळी, सगळ्यांना सांगायचं कबूल केलं होतं मनाशी म्हणून लिहितेय.

निघताना ६७.२. आल्यावर दुसऱ्या दिवशी ६९.१. तो आकडा बघून हात गार पडले होते, खोटं नाही सांगत. पण आहार_वहींचं ते पाण्याचं परत उघडून वाचलं, आकडा लिहिला आणि काटा ठेवून दिला. आज नववा दिवस, ६७.६. नवरा शेजारी उभा होता.

काय जमलं ते सांगते. पहिल्या दुपारी डायनिंग रूम खरंच उघडी होती आणि खरंच रिकामी होती, नऊजणांना एकत्र टेबल मिळालं. तीन पदार्थांचा नियम शेवटपर्यंत पाळला, तो मला सगळ्यात सोपा गेला कारण त्यात काही वर्ज्य नव्हतं. वेटरला पहिल्या रात्री सांगितलं, तो दुसऱ्या दिवसापासून न विचारता फळांची बशी माझ्यासमोर ठेवायला लागला आणि टोपली दिरांच्या बाजूला. लिफ्ट फक्त सासूसासऱ्यांबरोबर असताना.

काय नाही जमलं, तर पूलजवळचं आइस्क्रीमचं मशीन. पुतण्या सहा वर्षांचा आहे, रोज चारला हात धरून न्यायचा, एक कोन त्याचा एक माझा. चौथ्या दिवशी नाही म्हणून बघितलं तर त्याचा चेहरा पडला, मग म्हटलं हा कोन राहू दे, चारचा केक सोडते. शेवटच्या रात्री दोन गोडं खाल्ली, सासूबाईंनी स्वतःच्या प्लेटमधलं भरवलं, ते मी मोजलेलं नाही आणि मोजणारही नाही.

चालण्याचं मात्र वेगळंच झालं. साखर_सांभाळून काकांचं वाचून मी सासऱ्यांना जेवल्यावर डेकवर घेऊन जायला लागले, दुसऱ्या रात्री सासूबाईही आल्या, मग दीर जाऊ, शेवटच्या दोन रात्री नऊच्या नऊजण वारा खात फेऱ्या मारत होतो. सासरे दर फेरीला पाटीपाशी थांबून आकडा मोठ्याने म्हणायचे. घरी आल्यावरही ते रात्री जेवले की चपला घालून दारात उभे असतात.

साखर_सांभाळून:
वा, फार बरं वाटलं वाचून. त्यांना सांगा, जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत निघायचं, आणि खिशात ग्लुकोजची गोळी असू द्यायची.

निळी_छत्री:
सांगितलं काका. आत्ताच खिशात टाकली त्यांनी, निघतोय आम्ही.